साठास ऐंशी, म्हणजे पाऊण

कोणत्याही संस्थेची प्रगती ती छेदात काय घालते यावर अवलंबून असते. नॉर्थ डकोटातल्या वेस्ट हॉलम गावच्या शाळेची प्रगती तर एका दुपारीच उरकली.

शिक्षण मंडळाचा नियम साधा होता. निम्म्यापेक्षा कमी पालक समाधानी असतील, तर शाळा बंद आणि मुलांची रवानगी चाळीस मैलांवरच्या शाळेत. मुख्याध्यापक क्लेटन ब्रूक यांनी पालकांची मतं मागवली. साठ समाधानी निघाले, ऐंशी असमाधानी. (असमाधानाची कारणं: मुलांचं गणित कच्चं – ५२; दुपारचा पिझ्झा रबरासारखा – २७; बँडमधला ट्रॉम्बोन घरापर्यंत ऐकू येतो – १.)

ब्रूकसाहेबांनी गुणोत्तर मांडलं, ६०:८०. संक्षिप्त रूप दिलं, ३:४. मग मधली दोन टिंबं पुसून आडवी रेघ मारली, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या जिममध्ये फलक लागला: ‘तीन चतुर्थांश पालक समाधानी!’

अर्डिस टोलेफसन त्या शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवत होत्या. फलक वाचून त्या तशाच मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या.

“सर, साठ अधिक ऐंशी म्हणजे एकशे चाळीस. तीन छेद सात होतात. निम्म्यालाही पोचत नाही.”

“बाई, गुणोत्तर अपूर्णांकात लिहिता येतं, हे तुमच्याच पुस्तकात आहे. पान एकशे बारा.”

“लिहिता येतं, पण कशाचा भाग ते सांगावं लागतं. समाधानी पालक हे असमाधानी पालकांच्या पाऊणपट आहेत. असं लिहा, शंभर टक्के खरं ठरेल.”

ब्रूकसाहेबांनी विचार केल्यासारखं केलं. “एवढं फलकावर मावणार नाही,” ते म्हणाले. मग दार लोटून हळूच म्हणाले, “अर्डिसबाई, तीन छेद सात म्हणजे तुमची नोकरी. माझीही. आणि उणे तीस तापमानात सहा वर्षांची पोरं बसमध्ये दीड तास.”

हा हिशेब मात्र बिनचूक होता. बाई चार दिवस गप्प राहिल्या. जिमला वळसा घालून जायच्या, म्हणजे फलक दिसत नसे.

पाचव्या दिवशी सातवीची चाचणी तपासायला घेतली. प्रश्न असा: वर्गात बारा मुली, सोळा मुलगे, मुली वर्गाचा कितवा भाग? अठ्ठावीस जणांपैकी एकवीस जणांनी लिहिलं होतं, पाऊण. बाईंनी एकवीस फुल्या मारल्या. पेपर हातात पडताच जोलीन क्वाल उभी राहिली.

“बाई, जिममध्ये असंच केलंय. तिथे फुली का नाही?”

बाईंनी बारा मुलींना उभं केलं. “मोजा. पाऊण वर्ग उभा दिसतोय का?” वर्गाने मान फिरवून पाहिलं. दिसत नव्हता. आता बाईंना गप्प बसायची सोय उरली नव्हती.

गुरुवारी जिममध्येच गावसभा भरली. मंडळाच्या अधिकारी बाई फलकाखालीच बसल्या होत्या. अर्डिसबाई उठल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं.

“सात कुठून आले?” अधिकारी बाईंनी विचारलं.

“तीन आणि चार मिळून.”

“पण फलकावर अधिकचं चिन्ह कुठंय?”

यावर तोडगा म्हणून, लोकशाही पद्धतीनुसार, मतदान झालं. पाऊण बरोबर म्हणणारे नव्वद. तीन छेद सात म्हणणारे तीस. (गणित कच्चं अशी तक्रार करणाऱ्या बावन्न पालकांपैकी एकोणपन्नास पहिल्या गटात होते.) सचिवांनी ब्रूकसाहेबांच्याच रीतीने निकाल काढला: ९०:३०, म्हणजे ३:१, म्हणजे तीन छेद एक, म्हणजे पूर्ण तीन. ठराव तीनशे टक्के बहुमताने मंजूर झाल्याची नोंद झाली. शाळा वाचली.

सभा संपल्यावर ब्रूकसाहेबांनी अर्डिसबाईंच्या हातात कॉफी दिली. “तुमचंच बरोबर होतं हो,” ते कुजबुजले. बाईंना रडावं की हसावं कळेना. त्या हसल्या, आणि आपल्या नोकरीसकट घरी गेल्या. सोमवारी त्यांनी पान एकशे बारा वर्गाकडून पेन्सिलीने, ‘कशाचा भाग ते सांगा’ अशी जोड देऊन, दुरुस्त करून घेतलं. ते काम अजून दरवर्षी चालतं.

राहता राहिले वाचक. ही गोष्ट वाचताना स्वतः बेरीज करून पाहणारे आणि बाईंवर विसंबून नुसती मान डोलावणारे यांचं गुणोत्तर, आमच्या अंदाजाने, एकास एक पडतं. एक छेद एक म्हणजे पूर्ण एक. तेव्हा झाडून सगळ्या वाचकांनी बेरीज केली, असं जाहीर करायला आम्हाला आनंद होतो. आपलं अभिनंदन. आपण मान डोलावलीत, हे आम्हाला दिसलं.