हॉबडेंच्या फाटकाची लाल नाडी

फाटकांच्या बाबतीत नेदर पॉम्फ्री गावात माझा हात धरणारा कोणी नाही, हे मी अगदी नम्रपणे सांगतो! बाकीचे लोक गुलाब वाढवतात, चर्चच्या घंटा वाजवतात, एकमेकांच्या कुत्र्यांची विचारपूस करतात. मी फाटकं लावतो. उघडं दिसलं की लाव! दोन वर्षं मी त्याची मोहीमच चालवली. चर्चच्या दारात, दुकानाच्या रांगेत, जिथे माणूस सापडेल तिथे त्याला गाठून सांगायचं, "बाबा रे, फाटक लावत जा!" शेवटी शेवटी तर मी लांबून येताना दिसलो तरी लोक आपापली फाटकं लावून घ्यायचे. माझी बायको ग्वेंडा म्हणते, त्याचं कारण वेगळं होतं.

तर मुलांना ओढ्यावर नेणाऱ्या फेरीचं पुढारपण माझ्याकडे येणार हे ठरलेलंच होतं. आमच्या गावाचा ओढा फार सुंदर, पण त्याच्याकडे जाणारी वाट म्हणजे नुसता दगडधोंडा. बाबागाडी घेऊन जायची सोय नाही. सपाट वाट एकच, ती मिस्टर हॉबडेंच्या कुरणातून, आणि कुरण त्यांच्या मालकीचं! जुळ्या पोरींची आई जोसी, हिने वसंतभर त्यांच्या दारात खेटे घातले तेव्हा कुठे म्हातारा पाघळला.

"एक रविवार बघू," हॉबडे म्हणाले. "गडबड झाली नाही तर वाट मुलांना कायमची खुली. झाली तर विषय संपला."

म्हणजे बघा, गावातल्या सगळ्या पोराबाळांचा ओढा माझ्या एकट्याच्या खांद्यावर!

रविवारी मी नव्या बुटांत नव्याकोऱ्या लाल नाड्या ओवत बसलो होतो. ग्वेंडा गावच्या हिरवळीवर चहाची टेबलं मांडायला निघाली होती. दारात थबकली.

"क्लाइव्ह, एकच विनंती. आज कुणाला शिकवू नकोस."

"मी कधी कुणाला शिकवतो?"

"आत्तासुद्धा तुझा चेहरा शिकवायच्या तयारीत आहे," असं म्हणून ती गेली. मला रागच आला. उशीरही झाला होता. मी कशीबशी गाठ मारली आणि तरातरा बाहेर पडलो.

चर्चपाशी सगळे जमले होते. दुहेरी बाबागाडी ढकलणारी जोसी, नातीला घेऊन आलेले वयस्कर मिस्टर पिलिंजर, आणि रबरी बूट घातलेली बरीच मुलं. नुसतं भुरभुरत होतं, म्हणजे हवा छान होती. आम्ही दोन्हीकडच्या कुंपणांमधल्या अरुंद गल्लीतून निघालो आणि वळणावर मी जागीच थांबलो. हॉबडेंच्या खळ्याचं फाटक सताड उघडं!

"मुलांनो, इकडे या!" मी गरजलो. "नीट बघून घ्या! याला म्हणतात निष्काळजीपणा!"

फाटकाला भलामोठा दगड लावला होता. शिवाय निळ्या दोरीने ते खांबाला करकचून बांधलं होतं.

मिस्टर पिलिंजर खाकरले. "क्लाइव्ह, दगड... बराच मोठा आहे, नाही?"

"असू दे की मोठा! मी हलवतो!"

"आणि दोरीची गाठसुद्धा कुणीतरी अगदी मन लावून मारलीय," जोसी हळूच म्हणाली.

"काही काळजी करू नकोस, मी सोडवतो!"

"पण आजोबा," पिलिंजरांची नात टॅबिथा म्हणाली, "हे तर कुणीतरी मुद्दाम..."

"श्शू, टॅबिथा. मिस्टर पॅडबरी बोलतायत."

मी बोलतच होतो! बोलता बोलता दगड ढकलला, दोरी सोडली, फाटक ओढून लावलं. पाहतो तर कडी मोडलेली. पण मी मागे हटणारा माणूस नव्हे. उजव्या बुटाची लाल नाडी काढली आणि तिहेरी गाठ मारून फाटक असं आवळलं की हत्तीलाही उघडता येऊ नये. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्यांनी आकाशाकडे पाहिलं.

पुढची फेरी मात्र झकास झाली हो! मुलं ओढ्यात मनसोक्त भिजली. जोसीने गाडी काठावर उभी केली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "गाडी न उचलता पहिल्यांदाच आलेय इथे," ती म्हणाली. उजवा बूट फटक फटक वाजवत मी परतलो तेव्हा माझी छाती दुप्पट फुगली होती.

हिरवळीवर चहा झाला. लोणी-जॅम लावून पहिला स्कोन तोंडात टाकणार, एवढ्यात गल्लीच्या तोंडातून मेंढ्या बाहेर पडल्या! दहा-वीस नव्हे, अख्खा कळप! मागून कुत्र्याचं भुंकणं आणि त्याहून मागून हॉबडेंची आरोळी. मुलं टेबलांवर चढली.

"घाबरू नका!" मी खुर्चीवर उभा राहून ओरडलो. "आपल्या गावात फाटकं बंद असतात! एकाच्याही बागेत शिरायच्या नाहीत!"

आणि खरंच! कळप पाद्रीबाबांच्या घरावरून गेला, बंद. पिलिंजरांच्या घरावरून गेला, बंद. माझा ऊर अभिमानाने भरून आला. मग रांगेतल्या शेवटच्या घरापाशी कळप थांबला आणि शिस्तीत, एकामागून एक, आत वळला.

ग्वेंडाने किटली खाली ठेवली. "क्लाइव्ह. ते आपलं घर."

"मग फाटक कोणी उघडं टाकलं?"

"शेवटी कोण निघालं?"

मी घराकडे धावत सुटलो. आम्ही पोहोचेपर्यंत घेवड्याचा वेल संपला होता, कोबी संपत आला होता, आणि एक जाडजूड मेंढी दोरीवरून ओढलेला माझा रविवारचा सदरा मन लावून चघळत होती.

हॉबडे धापा टाकत आले. टोपी काढून माझ्यासमोर उभे राहिले.

"माफ करा हो, पॅडबरी. मेंढ्या माझ्या, नुकसानही मीच भरून देईन. लोकर कातरायला त्यांना खळ्यात घ्यायचं होतं. त्यासाठी मुद्दाम फाटक उघडं बांधून, वर दगड लावून ठेवला होता. कुणा टवाळाने ते बंद केलं देव जाणे, आणि कळप सरळ गावात घुसला! ही बघा, याने बांधलं होतं."

त्यांच्या हातात लाल नाडी लोंबत होती.

फेरीला आलेले सगळे कुंपणापाशी उभे होते. पिलिंजर माझ्या उरल्यासुरल्या कोबीकडे निरखून पाहत होते. जोसीच्या चेहऱ्याचा रंगच उडाला होता. आणि मी? मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "अरेरे! काय एकेक माणसं असतात!"

हे शब्द माझेच होते. आजही आठवले की कान तापतात.

हॉबडेंची नजर सावकाश खाली गेली आणि माझ्या उजव्या बुटापाशी थांबली. बूट जीभ बाहेर काढून उभा होता.

"असो," ते शांतपणे म्हणाले. "काही हरकत नाही."

आमच्याकडे याहून वाईट शिवी नाही. त्यांनी मला काठीने बडवलं असतं तर मी आभार मानले असते!

"मीच!" मी ओरडलोच. "मीच तो टवाळ! फाटकही मीच लावलं आणि आत्ता खोटंही मीच बोललो. मला वाटेल ते बोला, मिस्टर हॉबडे, पण मुलांची वाट बंद करू नका!"

हॉबडेंनी जोसीकडे पाहिलं, मग मुलांकडे.

"मुलांनी कुठे फाटकाला हात लावला?" ते म्हणाले. "वाट राहील. पण ही नाडी माझ्या फाटकावर राहील. कुरणाकडे वळण कुठे घ्यायचं ते लोकांना कळायला बरी."

जोसीने म्हाताऱ्याला मिठीच मारली. मी पिलिंजरांना बाजूला घेतलं. "तुम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं ना? मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"अहो, तुम्ही इतके रंगात आला होतात," ते म्हणाले. "बरं दिसलं नसतं."

आता दर रविवारी बाबागाड्यांची वरात लाल नाडीपाशी डावीकडे वळते. परवा मी नव्या नाड्या आणायला दुकानात गेलो. मी तोंड उघडायच्या आत दुकानदारीणबाईंनी जोडी पुढे केली. "एक पुरेल ना, मिस्टर पॅडबरी? की येत्या रविवारी आणखी कुठे जायचंय?"

नाड्या घेऊन मी दारापाशी आलो. दार अर्धवट उघडं होतं. आता हे लावायचं, की आहे तसंच ठेवायचं? काही केल्या ठरेना. मी दाराची मूठ धरून तसाच उभा राहिलो. माझ्यामागे बाहेर पडणाऱ्यांची रांग लागली, चांगली काउंटरपर्यंत गेली. कुणी काही बोललं नाही. बरं दिसलं नसतं.