रंगवलेला पदर

लिफाफ्यातून फोटो निघाला आणि फोटोतल्या विमलच्या अंगावर पदर होता. हिरवा, सोनेरी काठाचा, गळ्यापर्यंत घट्ट ओढलेला. खाली ब्लाउजही होता, कोपरापर्यंत बाह्यांचा. फोटो काढताना यातलं काहीच तिच्या अंगावर नव्हतं. मी तिथेच उभी होते, मला माहीत आहे.

विमल बघत राहिली. मग म्हणाली, "हे कोन होय वं?"

तो मंगळवार होता. गुरुवारी सकाळी पोलाद प्लांटच्या मोठ्या हॉस्पिटलात तिची डावी छाती काढणार होते. गाठ होती. छाती जायच्या आधी अंगाचा एक फोटो असावा, एवढंच तिला हवं होतं, आणि आता दुसरा काढायला वेळ नव्हता.

विमल माझी शेजारीण. आमची क्वार्टरं एका भिंतीची. तिच्याकडे फोडणी पडली की शिंक मला यायची. दोघींचे नवरे प्लांटमध्ये, आणि त्या हिंदी मुलखात दोघी नागपूरकडच्या. मी चौथी शिकलेली, ती सातवी, आणि हे ती मला विसरू देत नसे. बाकी बाई सरळ होती. वेड एकच, सामान बांधायचं. सर्दीचं औषध आणायला निघाली तरी पिशवीत टॉर्च, सुईदोरा, दोन लिंबं आणि चादर. एकदा कुरुदला बारशाला गेलो, तर हिने बसायला स्वतःचा पाट नेला. कशाला म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "लागते." कधी लागलेलं मी पाहिलं नाही.

डॉक्टरकडून गाठीचं ऐकून आली ती दोन दिवस घराबाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या दारात येऊन बसली.

"मले फोटो काढायचा हाय."

"मेडिकल बुकात हाय ना तुहा."

प्लांटच्या मेडिकल बुकात नवराबायकोचा फोटो लावावा लागे. त्यात विमल पाकीट मारताना धरल्यासारखी दिसायची. आम्ही सगळ्याच तशा दिसायचो.

"तो नाई. आंगाचा. दोन्ही दिसले पायजे."

"डोस्कं फिरलं का वं तुहं?"

"उद्या एक नसन, तं आठोन कायची काढू? मी तं कधी पाह्यलंच नाई."

आमच्या घरांत आरसा म्हणजे नवऱ्याचा दाढीचा, खिळ्याला टांगलेला. वर पाहिलं तर कपाळ दिसायचं, खाली पाहिलं तर हनुवटी. त्याखाली काय आहे ते आंघोळीला हात लावून कळायचं, तेही घाईत.

मग चार दिवस तिची तयारी चालली. होल्डॉल काढला, उन्हात टाकला. त्यात पाच लुगडी, लग्नातला शालू, स्वतःची चादर, उशी, पावडरचा डबा, खोबरेल, दोन कंगवे, गुळाचा खडा, पाण्याची सुरई आणि चक्कर आली तर कांदा. तिचा नवरा सायकलवर होल्डॉल बांधताना म्हणाला, "मेडिकल बुकच्या फोटोले एवढं काऊन?"

"लागते," विमल म्हणाली. त्याने पुढे विचारलं नाही. तो कधीच विचारत नसे.

पॉवर हाऊस भागातल्या बाजारातला स्टुडिओ आम्ही निवडला, कारण तिथे मालकाची बायको स्वतः फोटो काढायची. तिने मालकाला चहा प्यायला पाठवलं आणि दार लावलं. विमलने आधी कोचावर आपली चादर घातली. "कोन कोन बसलं असन." मग तीन लुगडी बदलली. प्रत्येक वेळी मला विचारायची, "कशी दिसून राहिली?" मी म्हणायची, "बाई दिसून राहिली." शेवटी पातळ पिवळं व्हॉइलचं लुगडं राहिलं, आत ब्लाउज नाही, एकच घडी, केस मोकळे. आणि बसली कशी, तर शाळेत साहेब तपासणीला आल्यासारखी.

"दीदी, साँस तो लो," फोटोवाली म्हणाली.

विमलने श्वास सोडला, खांदे खाली आले आणि बटण दाबलं गेलं.

त्या फोटोचं हे असं झालं होतं. मंगळवारी मी भांडायला निघाले तर विमलने हात धरला. "राहू दे. नशिबात पदरच हाय."

बुधवारी ती हॉस्पिटलात भरती झाली. हातात फक्त मेडिकल बुक. ना टॉर्च, ना चादर, ना कंगवा. ऑपरेशनला मी भ्याले नव्हते. ते रिकामे हात पाहिले आणि भ्याले.

मी तशीच बाजारात गेले. स्टुडिओच्या मागच्या खोलीत मालकाचे म्हातारे काका काळ्यापांढऱ्या फोटोंवर रंग भरत बसायचे. नवरीच्या ओठांना लाली, नवरदेवाला मिशी. मी फोटो त्यांच्यापुढे टाकला.

"ये किसने किया?"

"मैंने," ते खुशीत म्हणाले. "बहनजी का ब्लाउज रह गया था. अच्छे घर की लग रही थीं, तो मैंने पहना दिया. किनारी देखिए, पूरा दिन लगा."

काठ सुरेख होता, हे कबूल करते. मी म्हटलं, "कल सुबह उसकी छाती काट के निकालेंगे. इसी वास्ते खिंचवाया था. जैसी है वैसी दो."

म्हाताऱ्याने ब्रश पाण्यात बुडवला आणि तिथेच सोडला. निगेटिव्ह शोधली, अंधाऱ्या खोलीत गेला. बाहेर आला तेव्हा ओला फोटो चिमट्यात धरलेला होता आणि मान दुसरीकडे. वाळेपर्यंत त्याने फोटोकडे पाहिलं नाही. देताना मात्र कागदाच्या तीन घड्यांत गुंडाळून दिला.

भेटीच्या वेळेत मी वॉर्डात पोचले. विमल भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी कागद उशीवर ठेवला. तिने उघडला. आधी अंगठा ठेवून फोटोतला चेहरा झाकला.

"थोबाड काऊन झाकून राहिली वं?"

"चेहरा मले ठाऊक हाय," ती म्हणाली आणि उरलेलं बघत बसली. किती वेळ ते मी मोजलं नाही. शेजारच्या खाटेवरची बाई डोकावत होती, तिला मी पाणी आणायला पाठवलं.

मग विमल हळू आवाजात म्हणाली, "चांगली होती वं मी. कोनं सांगतलंच नाई."

तिच्या लग्नाला तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती. मी म्हटलं, "होती काय म्हनते? उद्या सकाळपर्यंत तं हायस."

ती एवढ्या जोरात हसली की नर्स ओरडली. फोटो तिने माझ्या पोलक्यात खुपसला. "तू ठेव. घरी कोनी पायलं तं वरून पुन्हा लुगडं नेसवन."

गुरुवारी ऑपरेशन झालं. विमल वाचली आणि त्यानंतर एकोणीस वर्षं जगली.