तात्यांचं कन्फूजन

आमच्या तात्यांचा गुडघा दुखत नसे. त्यात 'कन्फूजन' होई. आमटी खारट झाली तर आमटीत कन्फूजन. बैल शेजाऱ्याच्या वांग्यांत शिरला तर बैलाचं कन्फूजन. एकदा घरी आलेले पाहुणे जेवले, झोपले, पुन्हा जेवले, तरी उठेनात. तेव्हा तात्या मला हळूच म्हणाले, "सूनबाई, ह्यांच्या जाण्याचं काय कन्फूजन हाय का?"

तात्या म्हणजे माझे चुलत सासरे. इंदापूर तालुक्यात कालव्याच्या काठी आमचा भाजीपाल्याचा मळा. तरुणपणी तात्यांनी कालव्यावरच्या गोऱ्या साहेबामागं मोजणीची साखळी ओढली होती. साहेब दिवसभर हा एकच शब्द ओरडायचा. पुढं साहेब विलायतेला गेला, शब्द तात्यांकडं राहिला.

मी बारामतीची. सातवी पास, वर इंग्रजीचं एक पुस्तक पुरं आणि दुसरं निम्मं. एवढ्या विद्येच्या भारानं मान नुसती ताठ. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, तरी डोक्यावरचा पदर सावरत मी तात्यांना शिकवायला गेले.

"तात्या, त्याचा अर्थ घोटाळा. तो डोक्यात होतो, गुडघ्यात नाही."

"मग आमच्या घराण्यात बराबरच हाय की," तात्या म्हणाले. "आमची अक्कल गुडघ्यातच."

सासूबाई चुलीपुढं फिसकन हसल्या. मी तवा घासायला बसले. तो आधीच घासलेला होता. आता नातवंडं माझं इंग्रजी सुधारतात. फेड इथंच करावी लागते.

फक्त एका बाबतीत तात्या तो शब्द काढत नसत. काकूंच्या. काकू, म्हणजे त्यांची बायको, भावाच्या लग्नाला माहेरी लोणी भापकरला गेल्या, त्या तिकडंच राहिल्या. भांडण नाही, तंटा नाही. तिकडचे म्हणत, "नवऱ्यानं न्यायला यावं." आमच्याकडचे म्हणत, "भावानं आणून पोचवावी." मान दोन्हीकडं मोठा, गाडी कुणीच जुंपेना. मी लग्न होऊन आले तेव्हा काकूंचं लुगडं दांडीवर तसंच होतं. "यील," एवढंच तात्या म्हणत, आणि कारल्याच्या वेलाला पाणी घालत. घरात उरलेल्यांपैकी कारलं कुणी तोंडात धरत नसे. मग लावलं कशाला, विचारलं तर, "बियाण्याचं कन्फूजन."

मी शहाणी. एकदा त्यांना वेलापाशीच गाठलं. "तात्या, खरं कन्फ्यूजन ते काकूंचं आहे."

ते बांधावर बसले. "तुझ्या पुस्तकात त्येच्यावर विलाज दिलाय का?"

पुस्तक निम्म्यातच राहिलेलं. तरी ठोकून दिलं, "एकानं आधी जायचं."

"आन् ती न्हाय म्हणली तर? आता निदान कन्फूजन हाय, सूनबाई. त्यात यायला जागा ऱ्हाती."

त्यांच्याजवळची कळशी घेऊन उरलेलं पाणी मीच वेलाला घातलं.

पंचमीला मला माहेरी सोडायला तात्यांनीच गाडी जुंपली आणि माझ्या पायाशी एक बोचकं टाकलं. बारामती आली. माझ्या वडिलांचं दार आलं आणि गेलं.

"तात्या, घर मागं राहिलं!"

"बैलांचं कन्फूजन झालंय," समोर बघत ते म्हणाले. कासरा त्यांच्याच हातात होता.

उन्हं कलताना गाडी लोणी भापकरात थांबली. काकू ओट्यावर डाळ पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "इतकं दिस कुठं व्हता?"

तात्यांनी पटका काढून हातात घेतला. आता तो शब्द येणार, म्हणून मी पदर तोंडाला लावून हसायला तयार बसले.

"भ्यालो व्हतो," तात्या म्हणाले.

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. गाडीपाशी येऊन माझ्या पायाशी पडलेलं ते बोचकं सोडलं. कारली.

"जून झाल्याती," त्या म्हणाल्या. "येळंवर तोडायची असत्यात, किती डाव सांगायचं?"

आणि लुगडी बांधायला घरात गेल्या.