पाच बोटांचं म्हावरं

बोईसरला आमच्या अंगणवाडीतल्या कुठल्याही मुलाला अंगठा दाखवून विचारा, हे काय? तो सांगेल, पापलेट. पुढचं बोट रावस, मधलं सुरमई, त्याच्या शेजारचा बोंबील आणि करंगळी म्हणजे मांदेली. हे बारसं आमच्या मदतनीस मथुरामावशींनी केलं. मी तिथली सेविका. हात धुण्याच्या पायऱ्या मी रीतसर प्रशिक्षणात शिकून आले आणि त्यांचा रंगीत तक्ताही भिंतीवर लावला. मुलांनी त्या तक्त्याला हात पुसले.

मावशी समुद्रकाठच्या मुरबे गावच्या. अंगानं आडव्या, आवाज किनाऱ्यावरून होडीला हाक मारावी असा. खिचडी उतरली की पाण्याच्या पिंपाशी प्लास्टिकचा मग घेऊन उभ्या राहतात आणि ओरडतात, “चला, म्हावरं साफ करा. बाजार उठंल.” हा मासळीबाजार म्हणे कधीही उठू शकतो, त्यामुळे मुलं धावत सुटतात. हाताची पाठ चोळायची म्हणजे खवलं काढायची. बोटांच्या बेचक्या म्हणजे कल्ले, तिथली घाण आधी काढायची. धुऊन झालं की मावशी खाली वाकून म्हणतात, “वास दे.”

मूल हात पुढे करतं. मावशी डोळे मिटून लांब श्वास घेतात आणि निकाल देतात. “रावस बरा हाय. बोंबील कालचा. जा परत.” ते मूल अगदी खुशीत परत जातं. काही लबाड तर मावशींनी परत पाठवावं म्हणून मुद्दाम एक बोट कोरडं ठेवतात.

एकदा एका मुलाची आई तणतणत आली. घर कडक शाकाहारी. “बच्चा थाली पे बैठ के बोलता है, मेरा बोंबिल धो दो. सास ने खाना छोड़ दिया.” मावशी शांतपणे म्हणाल्या, “तेचा हात आमी भाजीचा करू.” दुसऱ्या दिवसापासून त्या पोराचा अंगठा बटाटा झाला आणि करंगळी मिरची. त्यानं असं भोकाड पसरलं की सगळी अंगणवाडी थांबली. सगळ्यांची मासळी आणि आपल्यालाच मेली भाजी, हे त्याला सहन होईना. शेवटी आईच हात जोडून म्हणाली, “बोंबिल ही रहने दो. हाथ तो धोता है.”

ह्या मावशी शनिवारी काम आटपलं की स्वतःचे हात घासायला बसतात. आधी लिंबाची फोड, मग बेसन, मग टूथपेस्ट, शेवटी स्टीलच्या तांब्यावर तळवे रगडतात. मी एकदा चिडवलं, “मावशी, कुणाच्या लग्नाला?”

“पालघरला, पोराकडं. नात हाय ना.” हात घासता घासताच त्यांनी सांगितलं. नातीला घास भरवत होत्या, तिनं तोंड फिरवलं. म्हणाली, आजी, हाताला घाण वास येतो. “पोर खोटं नाय बोलली, बाय. पहाटे भयनीबरोबर बोंबील वाळत घालून मी हितं येते. वास येनारच. पन तवापासून तिला भरवायचा धीर होत नाय.”

गेल्या सोमवारी मावशींनी बाजाराची हाक दिलीच नाही. मुलांचे हात त्यांनी वास न घेताच धुतले. मुलं घरी गेल्यावर मी विचारलं, काय झालं?

“काल पोर मांडीवर येऊन बसली. बोलली, आजी, भरव ना.”

“मग? भरवलंत?”

“भरवलं. चमच्यानं.”

“अहो, हातानं का नाही?”

“आन् परत तोंड फिरवलं असतं तर?”

पोरगी तो वास केव्हाच विसरली होती आणि ही बाई तो धरून बसली होती. मला फार वाईट वाटलं. मी लग्न होऊन साताऱ्याकडून इथे आले, मासा अजून तोंडात घातलेला नाही. काय सुचलं कोण जाणे, पातेल्यात उरलेली खिचडी मी ताटलीत काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

“मावशी, मला भरवा.”

“येड लागलंय काय, बाय?”

“भूक लागली आहे. हातानं भरवा.”

त्या उठून हात धुऊन आल्या, परत गेल्या, परत धुऊन आल्या. घास केला आणि तसाच हवेत धरून ठेवला. माझ्या तोंडापेक्षा त्यांचं लक्ष माझ्या नाकाकडे होतं. मीच पुढे होऊन तो घास खाल्ला.

“येतो ना वास?” त्यांनी हळूच विचारलं.

“येतो,” मी म्हणाले आणि दुसऱ्या घासासाठी तोंड उघडलं.