लहान्याला विचारलं काय?

आमच्या कँटीनमध्ये बटाटेवड्यांची परात आली की मेश्राम साहेब आधी त्यातला सगळ्यांत लहान वडा शोधायचे. तो मोडायचे, आत डोकवायचे आणि मग रांगेला निकाल सांगायचे. मोठ्यांच्या हिशेबानं तळलं की लहाना करपते, हा त्यांचा सिद्धांत. साहेब मूळचे भंडाऱ्याचे. कंपनीत त्यांचं काम दोष शोधण्याचं, आणि ते त्यांनी कंपनीपुरतं ठेवलं नव्हतं.

आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो. मूळ गाभा एकच, त्यावरून सहा प्रॉडक्टं काढलेली. साहेब त्यांना भावंडं म्हणत. गाभ्यात कुणी ओळभर बदल केला तरी सहाही तपासायला लावत. सगळ्यांत छोटं प्रॉडक्ट, त्यांचा 'लहाना', खडकवासल्याच्या पुढच्या एका दवाखान्यात चालायचं. गिऱ्हाईक एकच, तेही कधी तक्रार न करणारं.

माझं अमेरिकेचं तिकीट आलं होतं. नवे बूट घालून मी ऑफिसभर हिंडत होतो. मी केलेला बदल पाच प्रॉडक्टांत नीट चालला होता; साहेबांची सही झाली की मी विमानात. साहेबांनी कागद बघितला आणि विचारलं, "लहान्याला विचारलं काय?"

मी सदाशिव पेठेत वाढलेला. म्हटलं, "त्याचं एवढं असेल तर अमेरिकेला त्यालाच पाठवा."

साहेबांनी शांतपणे पेनाला टोपण लावलं.

धुसफुसत तपासायला बसलो. दुपारी सापडलं. पेशंटला एखादं औषध चालत नसेल तर पडद्यावर सूचना यायची, ती माझ्या बदलामुळे फक्त लहान्यातून गायब झाली होती. मान खाली घालून साहेबांना सांगायला गेलो.

ते रागावले नाहीत. चहा मागवला.

"आम्ही पाच भावंडं, मी थोरला. वडील नव्हते, तर चपला मीच आणायचो. मोठ्यांना दुकानात नेऊन माप घेतलं. धाकट्याची अंदाजानं आणली. वर्षभर लंगडत शाळेत गेला. मला वाटलं, चालच तशी आहे त्याची." त्यांनी कप बशीत ठेवला. "पाय वाकडा झाला, तो झालाच. अजून म्हणते तो, दादा, चप्पल चांगलीच होती."

चहा तसाच ठेवून मी जागेवर गेलो, चूक दुरुस्त केली आणि सहाही प्रॉडक्टं पुन्हा तपासली, लहान्यापासून.

संध्याकाळी साहेबांनी सही केली. कागद माझ्या हातात देताना त्यांची नजर खाली गेली.

"नवे दिसतात बूट," ते म्हणाले. "चावत नाहीत ना?"