कॅनडाची माघार आणि राहिलेली आरती

मैनाचं लग्न ठरत आलं होतं, आणि ते मोडायला कॅनडाचं सैन्य कारण होईल असं रावजींच्या घरात कुणालाच वाटलं नव्हतं.

मुलगा कारभारींचा धाकटा. ओझरच्या कारखान्यात टर्नर होता, अठ्ठ्याहत्तर साली कॅनडात गेला. पुढच्या रविवारी तो साखरपुड्याला येणार होता. रावजी तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी व्याह्यांना एवढंच विचारलं होतं, "त्या देशानं कधी पाठ दाखवलीय का? पळपुट्यांच्या मुलखात मी पोरगी धाडणार नाही."

कारभारी नदीकाठी झेंडू-शेवंती पिकवणारे. ते म्हणाले, "छे छे! लय खमका देश हाय."

साखरपुड्याआधी रावजींनी घरी कीर्तन ठेवलं. कोंडाजीबुवांनी पूर्वरंगात नामाचा महिमा सांगितला, बुक्का लागला, हार पडला, आणि उत्तररंगाला त्यांनी कालयवनाचं आख्यान काढलं. समोरच व्याही बसलेले पाहून बुवांना राहवलं नाही.

"आपले जावईबापू राहतात तो कॅनडा! दोन महायुद्धं लढला, पण माघार? कधीच नाही!"

चिपळ्या वाजल्या. रावजींची छाती फुगली. तेवढ्यात मैनाचा मामा पुंजाराम मागून म्हणाला, "घेतलीय की."

मामाला वाचनाचा भारी नाद. भाची जाणार तो देश कसा आहे, हे तो वाचनालयात बसून वाचून आला होता. "पहिल्या महायुद्धाच्या शेवटी ते सैबेरियात गेले होते. फारसे लढले नाहीत. एकोणीस साली परत आले."

तबला थांबला.

"म्हणजे हरले?" रावजींनी विचारलं.

"हरले असं नाही म्हणता येत, दाजी."

"मग जिंकले?"

"तसंही नाही. नुसते आले."

"नुसते आले!" रावजी ताडकन उठले. "लढाईवरून नुसतं कुणी येतं का? आठवड्याचा बाजार आहे का तो?"

आता पंचाईत बुवांची. नारदाच्या गादीवरून निघालेला शब्द परत कसा घ्यायचा? शिवाय आख्यान पुरं झाल्याशिवाय आरती नाही, आरतीशिवाय प्रसाद नाही, आणि आत शिरा गार होत चाललेला. बुवांनी धीर केला.

"रावजी, अहो कालयवन मागे लागला तेव्हा साक्षात देव रण सोडून पळाला. त्याला रणछोड म्हणून आपण पाया पडतो!"

"देवाची ती लीला, बुवा. कॅनडाची कसली लीला?"

"तिकडं बर्फ लय पडतो म्हणत्यात," कारभारी चाचरत म्हणाले.

"मग शाली घेऊन जायचं होतं! व्याही, तुम्ही मला फसवलंत. हे लग्न होणार नाही." टोपी सावरत रावजी थेट दाराबाहेर पडले.

मैना पदर खोचून उठली. "आई, निरांजन दे."

"अगं, आख्यान अर्धं राहिलंय ना!"

"बुवा, देव पळत गुहेत शिरला. पुढं काय झालं?"

"तिथं झोपलेल्या मुचकुंद राजाच्या नुसत्या नजरेनं कालयवन जळाला. देव सुखरूप."

"झालं मग. लावा आरती."

घंटा वाजली, झांजा लागल्या. रावजी तोवर कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी पोचले होते. पण आरतीआधी कीर्तन सोडण्याचं पाप त्यांनी जन्मात केलं नव्हतं. पाय आपोआप वळले. दुसऱ्या कडव्याला ते दारात हात जोडून उभे होते. तिसऱ्याला सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवत होते.

मैनाने तबक त्यांच्यापुढे धरलं.

"आलात बाबा?"

"आरती लागली म्हणून आलो."

"म्हणजे हरलात?"

"हट्! मी कशाला हरेन?"

"मग जिंकलात?"

रावजींनी ज्योतीवरून हात फिरवून चेहऱ्याला लावले. ते तसेच बराच वेळ चेहऱ्यावर राहिले. मग हातांच्या आडूनच ते पुटपुटले, "नुसता आलो."

पुंजाराममामाने तोंड उघडलं, तोच मैनाच्या आईने भावाच्या हातावर शिऱ्याची भलीमोठी मूद ठेवली.

रावजींनी घसा खाकरला आणि ते कारभारींच्या शेजारी जाऊन बसले.

"काय हो व्याही, फार पडतो का बर्फ तिकडं? पोरीला चांगली लोकरीची शाल घ्यावी लागेल."