नऊ नंबरचं गवत

इंग्रज माणसाची परीक्षा त्याच्या दारापुढच्या हिरवळीवरून करावी. सुखाच्या दिवसांत ती जितकी हिरवी, तितका माणूस भला. राष्ट्रावर संकट आलं की मात्र हा नियम उलटा फिरतो. १९७६ सालच्या उन्हाळ्यात ज्याचं गवत जितकं करपलेलं, तितकी त्याची देशभक्ती अस्सल मानली गेली.

तसं त्या वर्षी अभिमान वाटावा असं राष्ट्राच्या हाती फारसं काही लागत नव्हतं. मार्चमध्ये पंतप्रधानांनी ध्यानीमनी नसताना राजीनामा देऊन टाकला. पौंड दिवसेंदिवस हलका होत होता. मासे कुणी कुठे पकडायचे या भांडणात, जगभर आरमार फिरवलेल्या राष्ट्राने आरमारच नसलेल्या आइसलंडपुढे माघार घेतली. ऑगस्टात तर राजधानीतलं ते जगप्रसिद्ध घड्याळही मोडून बंद पडलं. अशा पडत्या काळात पावसाने तोंड फिरवलं, आणि लोकांच्या लक्षात आलं की काहीही न करता नाव काढता येईल अशी ही एकच गोष्ट उरली आहे. गैरसोय सोसण्यात या लोकांचा हात आजवर कुणी धरलेला नाही.

डेव्हन परगण्यातल्या कूम्बली गावी, ट्रफाल्गर टेरेस नावाच्या आळीत, या राष्ट्रकार्याची धुरा अकरा नंबरच्या रेजिनाल्ड लस्कम यांनी खांद्यावर घेतली. लस्कमसाहेब पोस्टातून निवृत्त झालेले, विधुर, आणि घराबाहेर पडताना कितीही ऊन असो, टाय आणि टोपी न विसरणारे. जूनच्या अखेरीस त्यांनी आपल्या दिवाणखान्यात जलरक्षण समिती स्थापन केली आणि सर्वानुमते अध्यक्षपद स्वीकारलं (सभेला तिघे होते). उरलेले दोघे म्हणजे सहा नंबरच्या बेरिल चग, ज्यांना आळीतल्या कुठल्या घरात काय शिजतंय हे झाकण न उघडता कळत असे. आणि कोपऱ्यावरचे खाटीक मि. येओ, जे घरी बसण्यापेक्षा बरं म्हणून आले होते.

सरकारच्या सूचना स्पष्ट होत्या. संडासाच्या टाकीत वीट ठेवा. आंघोळीला टबात वीतभरसुद्धा पाणी घेऊ नका. आणि जमल्यास एखाद्या मित्रासोबत आंघोळ करा. पहिल्या दोन सूचनांना समितीने एकमुखाने पाठिंबा दिला. तिसरीवर चर्चा झाली.

"मित्र आपला आपण निवडायचा, की समिती नेमून देणार?" मि. येओंनी विचारलं.

"येओ, लाज बाळगा जरा!" बेरिलबाई म्हणाल्या.

विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला, आणि त्या सभेला मि. येओ सर्वांच्या आधी येऊन बसले.

समितीचं मुख्य काम मात्र गवताची पाहणी हे होतं. रबरी नळीने बागेला पाणी घालायला बंदी होती, आणि बंदी पाळली जाते की नाही हे गवतच सांगणार. त्यासाठी लस्कमसाहेबांनी प्रतवारी ठरवली. तांबूस गवत म्हणजे आदर्श नागरिक. पिवळं म्हणजे नागरिक. पिवळट म्हणजे सुधारणेला वाव. पोपटी म्हणजे संशयित. हिरव्यासाठी त्यांनी वेगळा शब्दच योजला नव्हता, कारण ट्रफाल्गर टेरेसमध्ये तशी वेळ येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

ती वेळ नऊ नंबरने आणली.

नऊ नंबरला मिस हेस्टर प्रॉउज राहायच्या. गावातल्या दोन पिढ्यांना त्यांनी पियानो शिकवला होता (त्यातलं कुणी वाजवत नाही, पण तो त्यांचा दोष नव्हे). लस्कमसाहेबांची बायको गेल्यापासून दर रविवारी दुपारी ते प्रॉउजबाईंकडे चहाला जात. बाई स्वतः स्कोन नावाचे छोटे गोल पाव भाजत, त्यावर आधी साय आणि मग जॅम लावत (शेजारच्या परगण्यात हे उलटं करतात, त्याबद्दल इथे न बोललेलं बरं). लस्कमसाहेबांच्या अख्ख्या आठवड्यात त्यांना कुणी "झोप लागते का हो नीट?" असं विचारण्याची ती एकच वेळ. लग्नाचं विचारावं असं त्यांच्या मनात गेली सहा वर्षं होतं. ते फक्त योग्य प्रसंगाची वाट बघत होते. आळीतल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं, प्रॉउजबाईंनाही, त्यामुळे ते बोलून दाखवण्याची कुणालाच घाई नव्हती.

जुलै उजाडला. सगळीकडचं गवत पापडासारखं वाळलं, आणि नऊ नंबरचं गवत पाचूसारखं तरारून वर आलं. समितीच्या पाहणीत आळीतल्या बावन्न टक्के लोकांना प्रॉउजबाईंचा संशय होता. उरलेल्या अठ्ठेचाळीस टक्क्यांना खात्री होती.

आता यात सोपा मार्ग एकच, जाऊन बाईंना विचारायचं. तो समितीच्या मनाला शिवलाही नाही, आणि याबद्दल तिचं कौतुक केलं पाहिजे. शेजाऱ्याला तोंडावर प्रश्न विचारल्याचं ट्रफाल्गर टेरेसमध्ये कधी कुणी ऐकलं नव्हतं. ते रानटीपणाचं लक्षण. सभ्य माणूस पडद्याआडून बघतो.

म्हणून समोरच्या बेरिलबाईंच्या खिडकीत जाळीच्या पडद्यामागे तीन खुर्च्या मांडल्या गेल्या. पंधरा दिवस कडक पहारा झाला. प्रॉउजबाईंच्या हातात नळी दिसली नाही, बादली दिसली नाही, झारीसुद्धा नाही. यावरून बाई किती पोचलेल्या आहेत ते सिद्ध झालं.

"साधा चोर असता तर एव्हाना सापडला असता," बेरिलबाई म्हणाल्या.

"मग न सापडणारे आपण सगळेच मोठे चोर म्हणायचे," मि. येओ म्हणाले. हे वाक्य समितीने ऐकलं नाही असं मानण्यात आलं.

एके दुपारी खुद्द प्रॉउजबाईच रस्ता ओलांडून आल्या, हातात सरबताचा जग घेऊन. "या उकाड्यात तुम्ही सगळे बंद खिडकीमागे बसलेले दिसलात," त्या म्हणाल्या. "म्हटलं, घशाला कोरड पडली असेल." समितीने जग घेतला, सरबत संपवलं, आणि मग एवढं पाणी बाईंनी आणलं कुठून यावर दीर्घ विचारविनिमय केला. साखर कमी होती याबद्दल मात्र दुमत नव्हतं.

शेवटी बाईंना वाळीत टाकण्याचा ठराव झाला. अडचण अशी की ट्रफाल्गर टेरेसमध्ये लोक एकमेकांशी मुळात बोलतच नसत. मग बोलणं बंद केल्याचं बाईंना कळणार कसं? आळीतला सगळा व्यवहार एका वाक्यावर चाले: "गुड मॉर्निंग, काय उकडतंय, नाही?" लस्कमसाहेबांनी यातून तोडगा काढला. पहिल्या आठवड्यात फक्त "गुड मॉर्निंग" म्हणायचं, "काय उकडतंय, नाही?" रोखून धरायचं. सुधारणा न दिसल्यास दुसऱ्या आठवड्यापासून "गुड मॉर्निंग"ही बंद. टोपी उचलायला मात्र हरकत नाही, कारण शेवटी आपण माणसं आहोत.

ठरावाला अध्यक्षांनीच अनुमोदन दिलं. त्या रविवारी ते चहाला गेले नाहीत. डब्यातले सार्डिन उघडून स्वयंपाकघरात उभ्या उभ्या खाल्ले आणि देशासाठी माणसं याहून जास्त सोसतात असं स्वतःला बजावलं. भिंतीपलीकडून कपबशा मांडल्याचा आवाज आला. दोन कप होते, हे ऐकूनच कळत होतं. पण तत्त्व ते तत्त्व.

ऑगस्टच्या सुरुवातीला प्रॉउजबाई त्यांच्या फाटकाशी आल्या.

"तुम्हाला त्रास द्यायचा नाहीये, लस्कमसाहेब. विशेष काहीच नाही. माझ्या स्वयंपाकघरातली फरशी जरा मऊ लागतेय पायाला. तुम्हाला यातलं कळतं म्हणून म्हटलं."

लस्कमसाहेबांनी टोपी उचलली.

"कामात दिसताय. माफ करा हं," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या. फडताळाचं दार आता लागत नव्हतं, आणि पियानो एका बाजूला कलल्यासारखा वाटत होता. "वयामुळे मलाच तसं दिसत असेल," त्या म्हणाल्या. लस्कमसाहेबांनी टोपी उचलली, आणि या वेळी ती बराच वेळ वर धरली. त्यांना खूप बोलायचं होतं. पण समोरच्या खिडकीत पडदा हलला.

तिसऱ्यांदा आल्या तेव्हा बाईंचा आवाज बारीक झाला होता. "जमिनीखाली ओढा वाहावा तसा आवाज येतोय हो. मला झोप लागत नाही. तुम्ही माझ्यावर कशाने रागावला आहात का?"

टोपी उचलली गेली.

"ऐकलंत ना!" अध्यक्षांनी हे सभेला कळवताच बेरिलबाई म्हणाल्या. "घरात पाण्याचा आवाज! स्वतःच्या तोंडाने कबुली दिली की बाईने."

"कबुली नव्हती ती," लस्कमसाहेब म्हणाले.

"मग काय होतं?"

अध्यक्षांनी पुढचा विषय घ्यायला सांगितलं, म्हणून ती कबुली धरण्यात आली.

ऑगस्ट संपत आला तसं घराघरातलं पाणी बंद झालं आणि आळीच्या टोकाला एक सार्वजनिक नळ उभा राहिला. लोक बादल्या घेऊन रांगेत उभे राहिले, आणि इतका आनंद त्यांना राणीच्या राज्याभिषेकानंतर झाला नव्हता. नळाला करंगळीएवढी धार होती. समितीने रांगेचे नियम केले: नऊ नंबर सर्वात शेवटी, मधे दोन माणसांची जागा मोकळी, आणि मागे वळून बघायचं नाही, कारण बघणं हा संबंध ठेवण्याचाच प्रकार आहे.

त्यामुळे त्या गुरुवारी सकाळी, आळीच्या मधून लाकूड मोडल्याचा मोठा आवाज झाला, पियानोच्या सगळ्या सुरांनी एकदम किंकाळी फोडली आणि नऊ नंबरच्या खिडकीतून धुरळा उडाला, तेव्हा बाई घरात आहेत की रांगेत, हे रांगेतल्या एकालाही माहीत नव्हतं.

लस्कमसाहेबांनी बादली टाकली आणि धावत सुटले. टोपी पडली. "हेस्टर!" ते ओरडले. "हेस्टर! हेस्टर!" सहा वर्षांत, किंबहुना बावीस वर्षांच्या शेजारात, हे नाव त्यांनी पहिल्यांदा तोंडातून काढलं होतं, आणि तेही अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं. दारातून आत बघितलं तर दिवाणखान्याची जमीन नव्हती. खाली तळं होतं आणि त्यात पियानो.

"मी इथे आहे," मागून आवाज आला.

प्रॉउजबाई रस्त्यात उभ्या होत्या, हातात रिकामी बादली. त्यांनी सगळं ऐकलं होतं. लस्कमसाहेबांचा चेहरा आधी उजळला, मग त्यांच्या मागे जमलेली आळी त्यांना दिसली. बेरिलबाई दिसल्या. ठराव अजून मागे घेतलेला नव्हता. त्यांनी टाय नीट केला, आणि टोपी डोक्यावर नसल्यामुळे नुसताच हात कपाळापर्यंत नेला.

बाईंनी मान खाली घातली.

दुपारी पाणीखात्याचा माणूस आला. गावाचा मोठा नळ या घराखालून जातो, तो जूनपासून फुटलेला आहे, निम्म्या गावाचं पाणी इथेच मुरलं, असं त्याने सांगितलं. "वर गवत कसं हिरवंगार झालं असणार! कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"आलं की," मि. येओ म्हणाले. "समिती होती आमची."

तिकडे सरकारने दुष्काळासाठी खास मंत्री नेमला, आणि लगेच पाऊस कोसळायला लागला (लवकरच त्याच मंत्र्यांना पुराकडेही बघावं लागलं). ऑगस्टअखेरच्या सुट्टीच्या सोमवारी, भर पावसात, प्रॉउजबाईंना एक्सेटरला बहिणीकडे न्यायला टॅक्सी आली. घर आता राहण्याजोगं नव्हतं. लस्कमसाहेब छत्री घेऊन फाटकाशी आले. ते सगळं ठरवून, पाठ करून आले होते.

"गुड मॉर्निंग, मिस प्रॉउज," ते म्हणाले. "काय उकडतंय, नाही?"

छत्रीवर पाऊस ताशासारखा वाजत होता. बाईंनी टॅक्सीचं दार उघडलं.

"तीन वेळा आले होते मी तुमच्या फाटकाशी," त्या म्हणाल्या.

"हो. मी टोपी उचलली होती."

"उचलली होतीत खरी," बाई म्हणाल्या आणि टॅक्सीत बसल्या.

समितीची शेवटची सभा त्याच आठवड्यात झाली. संकटकाळी आळीने दाखवलेल्या एकजुटीबद्दल सर्वांचं अभिनंदन झालं. नऊ नंबरबद्दल बेरिलबाईंनी ठराव मांडला: बाईंनी वेळीच सांगायला हवं होतं.

"सांगितलं होतं तिने," लस्कमसाहेब म्हणाले.

"अध्यक्षांनी चर्चेत पडू नये," बेरिलबाई म्हणाल्या, आणि ठराव संमत झाला. अध्यक्षांनी विरोधी मत दिलं नाही. ते घरी गेले, आणि त्यापुढे नऊ वर्षं जगले. त्यांच्याशी आळीत सगळे अगदी पूर्ण वाक्यात बोलत.

इंग्रजांची गंमत वाटली असेल, तर अवश्य हसा. मग जरा आपल्या इमारतीतलं एक दार आठवा, ज्या दाराशी हल्ली कुणी बोलत नाही. कारण काय होतं ते आता नक्की सांगता येणार नाही, पण सगळ्यांचं एकमत होतं एवढं तुम्हाला पक्कं आठवतंय. आत काय खचतंय ते एकदा जाऊन विचारावं, असं वाटतंय ना? जरूर विचारा. फक्त आधी बाकीच्यांना काय वाटतं ते बघून घ्या; उगाच आपण एकटेच जाऊन बोललो, असं व्हायला नको.